पंधरा फरश्या

४ मे

भिंगरीच्या आईस,

फोनवर आकडे वाचून दाखवू नका, जे असेल ते लिहून पाठवा, लिहिताना तरी माणूस दोनदा विचार करतो, असं तू म्हणालीस. म्हणून लिहितोय. आकडे यात असणारच. आकड्यांशिवाय मला विचार करता येत नाही हे सतरा वर्षांत तुला कळलं असेल.

काल सकाळी साडेसहाला तळमजल्याच्या पॅसेजमध्ये चाचणी घेतली. त्रेपन्न फेऱ्या. शेवटी ऑक्सिजन एक्क्याण्णव, नाडी एकशे अठ्ठ्याऐंशी. मार्चमध्ये चौपन्न होत्या, जानेवारीत बावन्न. आणि दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात तिने चौसष्ट काढल्या होत्या. चौसष्टवरून त्रेपन्न. याला घसरण म्हणायची नाही तर काय म्हणायचं, ते तूच सांग.

परवा तू तिला फोनवर विचारलंस, "अजून त्या डब्यांमध्ये पळवतात का गं तुला?" मी शेजारच्याच खोलीत होतो. डब्यांमध्ये पळवत नाही. दहा मीटरवर दोन खुणा असतात, माझ्याकडे रंगाचे रिकामे डबे आहेत म्हणून डबे. फोनवर टुंग वाजलं की समोरच्या खुणेशी पोचलेलं असायला हवं. पहिल्या मिनिटात तीन फेऱ्या, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच, असं दर मिनिटाला एक वाढत जातं. आधी चालणं, मग झपझप, मग पळणं. टुंगच्या आत पोचणं जमेना की संपलं. नळीत फुंकून फुंकण्याचं कळतं. अंगात किती दम आहे ते यातून कळतं. चार वर्षांची असताना न्यूमोनियाने तिच्या डाव्या फुप्फुसाच्या खालच्या नळ्या सैल करून ठेवल्या, त्यांत कफ साठतो, हे तुला सांगायला नको. पण साठलेल्या कफाने किती खाल्लं ते बघायला मापच लागतं.

खालचे रिटायर्ड मास्तर दार उघडून म्हणाले, "काय हो, मुलगी आहे की घड्याळाचा लंबक?" भिंगरी पळता पळता हसली, त्यात तिची एक फेरी गेली असेल. म्हणजे फार तर चौपन्न धर.

आपलं ठरलंय ते पुन्हा लिहितो. हॉस्पिटलातल्या चाचणीत साठ भरल्या तर ती तुझ्याकडे येईल, तू नोकरी करतेस त्या शाळेत अकरावीला, तिथल्याच वसतिगृहात. नाही भरल्या तर इथेच राहील. अट मी घातली, तू मान्य केलीस. तारीख नऊ मे आहे, प्रवेशाची मुदत एकतीसची. मी शब्दाचा पक्का आहे. पण तिला तिथल्या खाटेची, खिडकीची स्वप्नं दाखवत जाऊ नकोस. नंतर रडणं मला बघावं लागतं.

मी आजही कामावरून आलो की कपडे जिन्याखालीच बदलतो. फरशीच्या धुळीचा याच्याशी संबंध नाही हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे, तरीसुद्धा.

भिंगरीचे बाबा


९ मे

भिंगरीच्या आईस,

चाचणी झाली नाही. सुरू झाली, पण मी थांबवली.

तुला भिंगरीने काय सांगितलं असेल ते माहीत नाही, म्हणून सगळं रीतसर लिहितो. तिसऱ्या मजल्यावरचा मोठा पॅसेज. डॉक्टरीणबाई नव्हत्या, एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती, गळ्यात शिट्टी, हातात कागदाची पाटी. भिंगरीच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, डब्यांच्या जागी प्लास्टिकचे शंकूसारखे कोन मांडलेच होते, टुंग सुरू केलं. मला बाकावर बसवलं. मी नुसता बसू शकत नाही हे तुला माहीत आहे. जमिनीवर दोन बाय दोन फुटांची फरशी होती, काम बऱ्यापैकी, सांधे सरळ, एका ठिकाणी मात्र कोपरा खाली टेकलेला. मी फरश्या मोजल्या. कोनापासून कोनापर्यंत पंधरा. परत मोजल्या. पंधरा.

दोन बाय दोन म्हणतात, पण फरशी असते साठ सेंटीमीटरची. पंधरा साठे नऊशे. सांध्यांचे दोन-दोन मिलिमीटर धरले तरी नऊ मीटर तीन सेंटीमीटर. चाचणी दहा मीटरची! सरकारी काम असो की हॉस्पिटल, मापात कोणी लक्षच घालत नाही.

भिंगरी त्रेचाळिसाव्या फेरीला होती. मी मधे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "थांबवा. तुमचे कोन चुकलेत."

ती पोरगी म्हणाली, "काका, बाजूला व्हा, ती पळतेय."

"नऊ मीटर आहे हे. मी फरशीचंच काम करतो. बावीस वर्षं."

"हो, नऊच असतं. काका, प्लीज."

"नऊच असतं म्हणजे? कागदावर दहा लिहिलंय."

भिंगरी तोवर थांबली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. त्या पोरीने टुंग बंद केलं, आणि मला समजावल्यासारखं काहीतरी म्हणाली, ते मी नीट ऐकलं नाही. आता चोवीस तारीख दिली आहे.

एका मीटरने फरक पडत नाही असं तू म्हणशील. न्हाणीघराच्या उतारात एक सूत चुकलं तर पाणी दाराकडे येतं.

बसमध्ये भिंगरी खिडकीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "बाबा, मला अजून पळता येत होतं." एवढंच.

भिंगरीचे बाबा


१० मे

कालचं पत्र टाकून आलो आणि आज लगेच हे. तुला वाटेल, याला काम नाही. दोन कामं चालू आहेत, दोन्हीकडे आज गेलो नाही.

एक विचारायचं होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या चाचणीच्या वेळी हॉस्पिटलाने एक माहितीपत्रक दिलं होतं, तुला आठवतं का? घरी सराव कसा घ्यायचा त्याचं. माझ्याकडे त्याचं पहिलं पान आहे, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं. मार्गाची लांबी दहा मीटर, असं त्यावर स्वच्छ छापलंय. दुसरं पान होतं का? तू शिलाईच्या खणात कागद ठेवायचीस. तो खण मी आज रिकामा केला. बटणं, तुझा एक चष्मा, भिंगरीचे दुधाचे दात डबीत. पान नाही.

असेल तर पाठव. नसेल तर राहू दे. विशेष काही नाही.

भिंगरीला सकाळी पाठीवर थापटून कफ काढायला बसवलं तर म्हणाली, "मी माझं करते." बंद खोलीत केलं. बाहेरून आवाज ऐकून मी मिनिटं मोजली. बरोबर वीस केली.


१४ मे

भिंगरीच्या आईस,

पान तुझ्याकडे असेल-नसेल, आता गरज नाही. मी परवा हॉस्पिटलात जाऊन आलो. एकटा. तिच्यासमोर जायचं नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट जेवणाचा डबा उघडून बसली होती. मला बघून तिने डबा बंद केला, मला वाटतं भीतीने. मी म्हटलं, मला दुसरं पान पाहिजे. तिने कपाटातून काढून दिलं. त्यावर चित्र आहे. मार्ग दहा मीटरचा. पण कोन दोन्ही टोकांपासून अर्धा-अर्धा मीटर आत ठेवायचे. कोनाला वळसा घालून माणूस परत फिरतो, तो वळसा त्या अर्ध्या मीटरमध्ये बसतो. कोनापासून कोनापर्यंत नऊ. वळसे धरून दहा.

"चित्र बघायचं ना काका," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी साधेपणाने. "खूप जण असंच करतात" असंही म्हणाली. ते खोटं होतं, माझ्यासाठी बोलली.

म्हणजे माझ्या पॅसेजमध्ये डबे दहावर होते. भिंगरी प्रत्येक फेरीला अकरा मीटर जात होती, आणि टुंग दहाचं वाजत होतं. दर फेरीला एक मीटर जास्तीचा. त्रेपन्न फेऱ्यांना त्रेपन्न मीटर, आणि वर प्रत्येक पावलाला ठरल्यापेक्षा दहावा हिस्सा जास्त वेग. मी काढलेले सगळे आकडे, दोन वर्षांचे, एकोणीस चाचण्यांचे, सगळे तसेच.

आणि मी माझ्या माणसांना पहिल्या दिवशी काय शिकवतो? भिंतीला चिकटवून फरशी लावू नका, कडेला जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात उठेल.

तू त्या वेळी म्हणाली होतीस, "एकदा त्यांना विचारून तरी घ्या." मी म्हणालो होतो, फरशीवरचं माप मला कोण शिकवणार. हे तुला आठवत असेलच. मी विसरावं म्हणून दोन दिवस झटलो.

आज सकाळी डबे अर्धा-अर्धा मीटर आत घेतले. भिंगरीने लगेच ओळखलं.

"बाबा, डबे आत आलेत."

"जरा माप नीट करतोय."

"का?"

"पळ तू."

पासष्ट. ऑक्सिजन नव्वद, पण पासष्ट. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, खोकली, कफ काढला, आणि हसायला लागली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "बाबा, मी बरी होतेय का हो?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बघू."

बघू म्हणालो, गं.


१५ मे

कालचं पत्र अजून खिशातच आहे. दोन्ही एकाच पाकिटात घालतो, किंवा दोन्ही घालत नाही, ठरलेलं नाही.

सकाळपासून तीन वेळा पॅसेजमध्ये गेलो. मास्तर म्हणाले, "आज लंबक नाही, नुसता काटाच फिरतोय?" मी हसलो नाही तर त्यांनीच ओशाळून दार लावलं.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती लिहिल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. त्रेपन्न आला की मला वाईट वाटायचं, हे खरं. पण वाईट वाटून झाल्यावर आत कुठेतरी बरंही वाटायचं. आकडा खाली आहे म्हणजे ती इथे आहे. तू गेलीस तेव्हा म्हणालीस, हे घर नाही, प्रयोगशाळा आहे, मी इथे उंदरासारखी राहणार नाही. ती मात्र राहिली, कारण तिचं हॉस्पिटल इथे, तिचे आकडे माझ्याकडे. साठची अट घातली तेव्हा मला ठाऊक होतं की घरी ती साठ कधीच काढत नाही. हॉस्पिटलातही निघणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. न्याय केल्यासारखं दाखवलं आणि पारडं आधीच झुकवून ठेवलं होतं.

चूक होती हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो. पण चूक मला सोयीची होती, म्हणून मी ती कधी शोधली नाही. दुसऱ्या कोणाच्या कामात कोपरा टेकलेला मला दहा पावलांवरून दिसतो.


१९ मे

भिंगरीच्या आईस,

काल तिला सांगितलं. रविवार होता, ती गॅलरीत केस वाळवत बसली होती. मी दोन्ही कागद घेऊन गेलो, पहिलं पान आणि दुसरं पान, आणि चित्रावर बोट ठेवून सगळं समजावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे मी खाली जात नव्हते?"

"आजार आहे. पण वाढत नव्हता. जवळपास तिथेच होता."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"मग थ्रोबॉल?"

संघातून तिचं नाव मी काढायला लावलं होतं, प्राचार्यांना आकड्यांचा तक्ता दाखवून. सायकल गच्चीवर बांधून ठेवली ती मीच. सहलीला दोनदा नाही म्हटलं. तिने थ्रोबॉल एवढंच विचारलं.

मग म्हणाली, "आईला कोण सांगणार?"

"लिहून ठेवलंय."

"टाकलंय?"

"नाही."

"आण ते." तिने वाचलं नाही, हे तुला सांगतो. पाकिटात घातलं, जिभेने चिकटवलं, आणि चप्पल घालून टाकून आली. उन्हात, केस ओले. जाताना लिफ्टने नाही, जिन्याने. मी "अगं" म्हणालो आणि पुढचं गिळलं.

परत आल्यावर म्हणाली, "चला खाली."

"कशाला?"

"बूट घाला, बाबा."

पॅसेजमध्ये तिने डबे स्वतः लावले. दहा मीटरवर. माझ्याच टेपने मोजून. माझ्या बोटाला चिमटा लावला, फोनवर टुंग लावलं, आणि पायरीवर वही घेऊन बसली. मास्तर दारात, मास्तरांच्या सौ. त्यांच्या मागे.

पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हे तर काहीच नाही. सातव्या मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागल्या. मी म्हटलं, "बास." ती म्हणाली, "टुंगच्या आत पोचलात. बास कसं?" पुढची फेरी. "अजून आहे तुमच्यात," म्हणाली. हे माझंच वाक्य, माझ्याच सुरात. वळताना दरवेळी ते जास्तीचं अंतर पायांना कळत होतं. डबा हाताशी येता येता टुंग वाजून जायचं, आणि पुढचं टुंग त्याच क्षणापासून धरायचं. सावरायला जागाच नाही. माझ्या छातीत काही बिघाड नाही तरी हे असं. तिने हे एकोणीस वेळा केलं, खोकत.

एकोणपन्नासला मी भिंतीला धरून खाली बसलो. तिने चिमटा बघितला. "ऑक्सिजन सत्त्याण्णव. फुप्फुसं ठीक आहेत तुमची. गुडघे गेलेत." मास्तरांच्या सौ. पाणी घेऊन आल्या. मास्तर म्हणाले, "अहो, मुलीची चूक काय झाली ते तरी सांगा, वडिलांना ही शिक्षा?"

"चूक तिची नाही," मी म्हटलं. चारचौघांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन.

तिने वहीत लिहिलं: बाबा, ४९. मग वही मिटली आणि वर गेली. कालपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. "मीठ." "दार लावा." एवढंच.


२३ मे

भिंगरीच्या आईस,

तुझं पत्र मिळालं. तू शिव्या दिल्या नाहीस. दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, मी आठ दिवस त्यांचीच तयारी करून बसलो होतो. तू विचारलंस, उद्याची चाचणी आता कशासाठी.

त्याचंच उत्तर लिहितोय. साठची अट मी घातली होती, ती मी मागे घेतो. उद्या पन्नास येवोत, सत्तर येवोत, ती तुझ्याकडे येईल. प्रवेशाचा फॉर्म मी आज सही करून पाठवला, सोबत तिचे फोटो आणि मागचे रिपोर्ट. माझा तक्ता पाठवला नाही.

चाचणी तिला द्यायची आहे. मी विचारलं, रद्द करू का? तर म्हणाली, "त्या दिवशी त्रेचाळीसला थांबवलं होतंत. मला पुढचं बघायचंय."


२५ मे

भिंगरीच्या आईस,

काल तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तर भिंगरीने मला पॅसेजमध्ये येऊच दिलं नाही. "तुम्ही खाली बसा," म्हणाली. फिजिओथेरपिस्ट तिच्या मागे उभी राहून छताकडे बघत होती.

खाली औषधाच्या खिडकीसमोर बसलो. तिथेही दोन बाय दोनच आहे. पाय दुमडून बाकाखाली घेतले आणि डोळे मिटले. समोर एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना सांगत होती, "अहो, जरा टेका ना पाठ." मीही टेकली. किती वेळ गेला ते घड्याळात बघितलं नाही. बरा गेला नाही.

ती आली ती चालत, जिन्याने, तोंड लाल. हातात रिपोर्ट, चार घड्या घातलेला. तो तिने जीन्सच्या खिशात कोंबला.

"विचारा ना," म्हणाली.

"नाही विचारत."

"फुटाल."

"फुटेन."

तेव्हा ती हसली, आठवड्यानंतर. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिचा श्वास ऐकत होतो. खालच्या बाजूला अजून घरघर आहे, ती राहणार. आकडा काय आला ते तीच तुला सांगेल.

औषधांची यादी, सकाळच्या कफाची पद्धत, कोणता पंप आधी आणि कोणता नंतर, हे मी चार पानांत लिहून काढलं होतं. तिने ते वाचून अर्ध्या पानाचं केलं आणि म्हणाली, "बाकीचं मला येतं." तपासलं. येतं. दर तीन महिन्यांनी तपासणीला ती इकडे येईल, हॉस्पिटल इथलंच राहू दे, एवढं मात्र मागतो.

दोन जूनला, सोमवारी, दुपारी सव्वादोनच्या बसने येते आहे. मी स्टँडपर्यंतच जाणार आहे, तसं ठरलंय. तुमच्या स्टँडपासून शाळेच्या फाटकापर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत, तू गेलीस त्या वर्षी मी न सांगता येऊन मोजून गेलो होतो. तिची बॅग साडेअकरा किलो भरली आहे.

तू उतरून घ्यायला जा. पण बॅगेला हात लावू नकोस. ती मधे थांबेल, खोकेल, पुन्हा चढेल. तिला उचलू दे.